सावकाश सिस्टरच्या सव्वीस चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. आता पेटी म्हटलं की कुणाला दागिन्यांची आठवेल, कुणाला गाण्याची. तसलं काही माझ्या नशिबात नव्हतं. मी चिठ्ठ्यांची पेटी. एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मी एकोणीस वर्षं टांगलेली होते आणि गेली चार वर्षं त्याच दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत पडून आहे. माझ्या एका अंगाला चाक निखळलेली व्हीलचेअर आहे, दुसऱ्या अंगाला पाय मोडलेली खाट. आम्ही तिघी एकमेकींना नावं ठेवत दिवस काढतो.

जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आपलंच रडगाणं लावतात, असं तुम्ही म्हणाल. रडगाणं मीही लावणार आहे, खोटं कशाला सांगू! पण ते माझं नाही. ते एका सिस्टरचं आहे, आणि ते मी नाही सांगितलं तर दुसरं कुणी सांगणार नाही.

माझा जन्म दवाखान्याच्याच सुतारखात्यात झाला. औषधांचं एक जुनं कपाट मोडीत निघालं होतं, त्याच्या दाराच्या फळीतून मला कापलं. म्हणून माझ्या अंगाला अजूनही औषधाचा वास येतो आणि वाळवी माझ्या वाटेला जात नाही. आमचे सुतारमिस्त्री मोठे काटेकोर. आत त्यांनी एक तिरपी फळी बसवली, म्हणजे चिठ्ठी अलगद घसरून खाली जाईल आणि बाहेरून बोटं घालून कुणाला ती काढता येणार नाही. पुढे छोटं दार, त्याला पितळी कुलूप. मागे चार स्क्रू. त्या चार स्क्रूंचं लक्षात ठेवा, शेवटी काम आहे. मग मला पांढरा रंग दिला आणि निळ्या अक्षरांत लिहिलं, ‘आमची उत्कृष्ट परिचारिका’.

त्याचं असं होतं. आमच्या दवाखान्यासारखे बारा सरकारी दवाखाने एकाच मोठ्या ऑफिसच्या हाताखाली होते. त्या सगळ्यांत मिळून दरवर्षी एका सिस्टरचा सत्कार करायचा, असं वरच्या ऑफिसनं ठरवलं. पेशंटनं आपल्या आवडत्या सिस्टरबद्दल चिठ्ठी लिहायची आणि माझ्यासारख्या पेटीत टाकायची. जिच्या नावाची एक तरी चिठ्ठी नियमात बसेल, तिचं नाव समितीपुढे जायचं. समिती कामाची चौकशी करायची आणि बारा दवाखान्यांतून एक सिस्टर निवडायची. तिला ढाल मिळायची, तिचा फोटो भिंतीवर लागायचा, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ती मागेल त्या दवाखान्यात तिची बदली व्हायची. बदली म्हणजे काय चीज असते ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. सरकारी नोकरीत माणसं ढालीवर धूळ बसू देतात, पण बदलीसाठी जिवाचं रान करतात.

मला तळमजल्यावरच्या लांब बोळाच्या टोकाला टांगलं. माझ्या डाव्या हाताला डिस्चार्जची खिडकी होती. घरी जाणारे लोक तिथे कागदावर शिक्के घ्यायचे. उजव्या हाताला एका वॉर्डाचं दार होतं. त्या वॉर्डाला नंबर होता, पण सगळे त्याला ‘शेवटचा वॉर्ड’ म्हणायचे. बोळात तो शेवटचा होता म्हणून म्हणतात असं नव्या माणसाला सांगायचे. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. ज्यांच्या दुखण्यावर आता औषध उरलेलं नाही, अशी माणसं तिथे ठेवत. दुखणं थांबवता येत नसलं तरी वेदना कमी करता येतात, तेवढंच तिथलं काम.

सुरुवातीला माझी फार थट्टा झाली. लोकांना वाटलं मी तक्रारपेटी. ‘पंखा फिरत नाही’, ‘संडासाची कडी तुटली आहे’, ‘लिफ्टवाला झोपतो’ असल्या चिठ्ठ्या माझ्या पोटात पडायच्या. एका पोरानं बसची तिकिटं टाकली, एका आजोबांनी कवळीची डबी टाकायचा प्रयत्न केला. पुढे पुढे लोकांना समजलं. बाळंतपणाच्या वॉर्डातून हसऱ्या बायका यायच्या, एका हातानं बाळ सांभाळत दुसऱ्या हातानं चिठ्ठी टाकायच्या. हाड जुळलेले लोक लंगडत यायचे. अशा वेळी मला फार बरं वाटायचं. आपण कुणाच्या तरी कामाच्या आहोत, असं वाटायचं.

डिस्चार्जच्या खिडकीत एक क्लार्क बसायचे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. चष्मा कपाळावर आणि शोध टेबलावर, अशी त्यांची तऱ्हा. माझी किल्ली त्यांच्याकडे असायची. वर्षातून एकदा ते मेट्रनबाईंसमोर मला उघडायचे, एकेक चिठ्ठी रजिस्टरशी ताडून बघायचे आणि मग ती पुढे पाठवायची की रद्द करायची ते ठरवायचे. नियमाच्या बाहेर पाऊल टाकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

आता सिस्टरबद्दल सांगते. ती शेवटच्या वॉर्डात आली तेव्हा मला टांगून नऊ वर्षं झाली होती. ठेंगणी, थोडी जाडसर, चालताना एका चपलेचा आवाज जास्त यायचा. तिच्या तोंडी एकच शब्द. पेशंटला उठवताना ‘सावकाश’, पाणी पाजताना ‘सावकाश’, घाबरलेल्या नातेवाइकाला ‘सावकाश बोला, मी ऐकतेय’. म्हणून बाकीच्या सिस्टर तिला सावकाश सिस्टर म्हणायला लागल्या. त्यात थट्टा होती, कारण ती खरोखरच सावकाश काम करायची. इतर वॉर्डांत एका तासात सगळ्यांची अंथरुणं बदलून व्हायची, हिला अडीच तास लागायचे. ती प्रत्येकाशी बोलायची ना!

“अगं, तुझ्या वॉर्डातले लोक कुठे पळून जाणार आहेत?” बाळंतपणाच्या वॉर्डातली सिस्टर तिला चिडवायची. “उद्या बदल की चादर.”

“उद्या ते असतील का, ते सांग आधी,” ही म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची.

तिची एक अडचण होती, आणि ती मला पाठ होती. दुपारी तीन वाजता तिला दहा मिनिटांची सुट्टी असायची. ती बरोबर माझ्याखाली येऊन उभी राहायची, कारण बोळात तिथेच फोनला रेंज मिळायची. तिची आई तिच्या गावी एकटी होती. बसनं नऊ तासांचं अंतर. आई घरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. दुसरं कुणी नव्हतं. शेजारच्या काकू दिवसातून दोनदा डोकवायच्या. आईला इकडे आणावं, तर डॉक्टरांनी नऊ तासांच्या प्रवासाला साफ नाही म्हटलेलं. त्या गावात आठ खाटांचा एक सरकारी दवाखाना होता. तिथे बदली झाली असती तर सिस्टर सकाळ-संध्याकाळ आईपाशी राहिली असती. तिनं सात अर्ज केले होते. सातही वेळा एकच उत्तर आलं, बदली कर्मचारी उपलब्ध नाही. कोण येणार हो शेवटच्या वॉर्डात? तिच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तिला सोडायला कुणी तयार नव्हतं.

मग ती काय करायची, तर फोनवरून आईची शुश्रूषा करायची.

“काकू, आईला कुशीवर वळवलंत का? नाही, ओढू नका, ओढलं की कातडी सोलते. एक हात खांद्याखाली घाला, एक कमरेखाली. हां. आता सावकाश. पाठीला उशी लावा. लाल झालंय का कुठे? बोट दाबून बघा, दाबल्यावर पांढरं होतंय का? नाही होत?”

तिथे ती थांबायची. दाबल्यावर पांढरं होत नाही म्हणजे काय, ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिच्या वॉर्डात एकाही पेशंटच्या पाठीला जखम नव्हती. सगळ्या दवाखान्यात तशी ख्याती होती तिची. आणि तिच्या सख्ख्या आईच्या पाठीला जखम होत चालली होती. काकूंचं वय झालेलं, हातात जोर नाही, त्या तरी काय करणार! फोन ठेवून सिस्टर तोंड धुवायची आणि वॉर्डात जाऊन दुसऱ्याच्या आईला कुशीवर वळवायची. मी लाकडाची आहे, पण मला ते बघवत नसे.

त्या वर्षी माझं दार उघडलं तेव्हा भाऊसाहेब चिठ्ठ्यांकडे बघतच राहिले. सावकाश सिस्टरच्या नावाच्या अकरा चिठ्ठ्या होत्या. शेवटच्या वॉर्डातून कुणी चिठ्ठी लिहील असं कुणाला वाटलंच नव्हतं. पण लिहिल्या होत्या. कुणी उशीवर पालथं पडून लिहिलेली, कुणी दुसऱ्याकडून लिहून घेऊन खाली अंगठा उठवलेला. त्या वर्षभर माझ्या पोटात होत्या, त्यामुळे मला त्या अक्षरन्‌अक्षर माहीत आहेत.

एकीत लिहिलं होतं, ‘सिस्टर उशी उलटी करून देतात. थंड बाजू वर येते.’ बस, एवढंच. दुसरीत, ‘माझे केस विंचरले आणि आरसा दाखवला. मी सहा महिन्यांनी स्वतःला बघितलं.’ तिसरीत, ‘सगळे म्हणतात बरा होशील. या म्हणाल्या नाहीत. मी विचारलं ते खरं सांगितलं आणि तासभर बसून राहिल्या.’

भाऊसाहेबांनी रजिस्टर काढलं. एकेक नाव शोधलं. अकराही नावांपुढे एकच शब्द होता, मृत.

नियम क्रमांक चार असा होता, की चिठ्ठी लिहिणारा पेशंट बरा होऊन किंवा सुधारणा होऊन घरी गेलेला असावा. नियम वाईट हेतूनं केलेला नव्हता, तेही सांगायला हवं. पूर्वी एका दवाखान्यात एका सिस्टरनं खाटेवर पडलेल्यांचे अंगठे घेऊन चिठ्ठ्यांचा पाऊस पाडला होता. अडलेल्या माणसावर जोर होऊ नये म्हणून तो नियम आला. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात एवढंच आलं नाही, की एक वॉर्ड असाही आहे जिथून कुणी घरी जात नाही.

भाऊसाहेबांनी अकरा चिठ्ठ्यांवर ‘रद्द’चा शिक्का मारला. पण संध्याकाळी सिस्टर बोळातून जाताना त्यांनी तिला हाक मारली.

“सिस्टर, तुमच्या नावाच्या अकरा चिठ्ठ्या निघाल्या.”

तिचं तोंड असं उजळलं, की मला वाटलं आता ही पोर नाचते की काय. “माझ्या? अकरा?”

“हो. पण एकही धरता येत नाही. लिहिणारं कुणी... राहिलं नाही.”

ती म्हणाली, “भाऊसाहेब, मला वाचायला तरी मिळतील?”

“गोपनीय आहेत हो. नियम आहे. रद्द झालेल्या जाळायच्या असतात.”

“बरं,” ती म्हणाली आणि गेली. तिनं वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी शेवटच्या वॉर्डात एक म्हातारे मास्तर आले. फुप्फुसं निकामी झालेली, नाकाला सतत ऑक्सिजनची नळी. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे पडल्या पडल्या सगळ्यांना मार्क द्यायचे. डॉक्टरांना दहापैकी सहा, जेवणाला दोन, भाऊसाहेबांच्या अक्षराला नऊ. सावकाश सिस्टरला मात्र त्यांनी मार्क दिले नाहीत. विचारलं तर म्हणाले, “या विषयाचा पेपर मला तपासता येत नाही.”

मास्तरांनी तिचा तीन वाजताचा फोन ऐकला. एकदा ऐकला, दोनदा ऐकला, आणि तिसऱ्या दिवशी व्हीलचेअर ढकलून घेत थेट भाऊसाहेबांच्या खिडकीशी आले. नियम क्रमांक चार त्यांनी तीनदा वाचून घेतला.

“म्हणजे एकच चिठ्ठी पुरे? फक्त लिहिणारा घरी गेलेला पाहिजे?”

“हो मास्तर. डॉक्टरांनी ‘सुधारणा’ असा शेरा मारून सोडलेला पाहिजे.”

“आणि सुधारणा कधी म्हणतात?”

“या वॉर्डात म्हणाल, तर पेशंट नळी काढून खाटेपासून दारापर्यंत चालत गेला आणि परत आला की डॉक्टर म्हणतात. तशी इथली पद्धत आहे.”

मास्तरांच्या खाटेपासून दारापर्यंत बावीस पावलं होती. मला माहीत आहे, कारण त्या दिवसापासून ते रोज मोजायला लागले. सिस्टर दुसऱ्या टोकाला गुंतलेली दिसली की नळी काढायची, भिंतीला हात लावायचा आणि चालायचं. पहिल्या दिवशी पाच पावलं. आठवड्यानं नऊ. मधे वॉर्डातल्या इतरांनी चौदा चिठ्ठ्या लिहिल्या, पण त्यांतला एकेक माणूस जात होता आणि चिठ्ठ्यांचं काय होणार ते मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतःची चिठ्ठी आधीच लिहून ठेवली. काय सुरेख अक्षर! एक दिवस ते बावीस पावलं चालून दारापर्यंत आले, वर हात करून त्यांनी ती माझ्यात टाकली, आणि मला थोपटलं. कुत्र्याला थोपटतात तसं. मला आजवर कुणी थोपटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा राऊंड होता. सकाळी मास्तरांनी शेवटचा सराव केला. बावीस पावलं आले आणि दारात माझ्याखालीच त्यांचा श्वास अडला. ओठ निळे पडले. तेवढ्यात सिस्टर आली. एरवी सावकाश असणारी ती, पण व्हीलचेअर घेऊन अशी धावली, की चप्पल मागेच राहिली. तिनं त्यांना बसवलं, नळी लावली, पाठीवर हात फिरवत राहिली. त्यांना बोलता यायला पाच मिनिटं लागली.

“कुठे निघाला होतात, मास्तर?”

“घरी.”

“घरी ऑक्सिजन आहे का? लेक दिवसभर कामावर जाते तुमची. एकटे गुदमराल.”

“राऊंडला चालून दाखवलं की डॉक्टर सोडतील. मग माझी चिठ्ठी चालेल, सिस्टर. एक चिठ्ठी. तुम्हाला आईकडे जाता येईल.”

तिला सगळं एका क्षणात समजलं.

“असा किती फरक पडणार आहे?” मास्तर म्हणाले. “इथे राहिलो तर दहा दिवस. घरी गेलो तर तीन. मधल्या सात दिवसांत मी काय दिवे लावणार आहे?”

मित्रांनो, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. ती थांबली. तिचा एक हात व्हीलचेअरच्या मुठीवर होता आणि दुसऱ्या हातात फोन होता. आदल्या दिवशी काकूंनी सांगितलं होतं, की जखमेतून आता वास येतो. तिनं फक्त गप्प बसायचं होतं. डॉक्टर आले की दुसरीकडे बघायचं होतं. मास्तर चालले असते, देवाशप्पथ सांगते, ते चालले असते. मीसुद्धा मनात म्हणत होते, गप्प बस गं बाई, एकदा तरी स्वतःचं बघ.

“त्या सात दिवसांचीच तर मी नोकरी करते, मास्तर,” ती म्हणाली.

तिनं खुर्ची वॉर्डाकडे वळवली. डॉक्टर आले तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं, की यांना चालता येत नाही, नळी काढू नका. मास्तरांनी चादर डोक्यावर ओढून घेतली. ते रडत होते. वेदनेनं रडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, त्या दिवशी मात्र ऐकलं.

मास्तर नवव्या दिवशी गेले. दुपारची वेळ होती, लेक उशाशी होती, सिस्टरनं हात धरलेला होता. त्रास झाला नाही. उशीची थंड बाजू वर होती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तीन वाजताचा फोन सिस्टरनं लावला नाही, तो तिला आला. तिनं फार काही विचारलं नाही. “कुशीवर होती का?” एवढंच विचारलं. मग हातातलं काम दुसऱ्या सिस्टरला समजावून दिलं, कुणाला किती वाजता कोणतं औषध ते कागदावर लिहून दिलं आणि ती बसस्टँडकडे गेली. नऊ तास. गावकऱ्यांनी थांबून थांबून वाट पाहिली आणि शेवटी उरकून घेतलं. आईचं तोंडही तिला दिसलं नाही. सहाव्या दिवशी ती कामावर हजर झाली.

त्या वर्षी माझं दार उघडलं तेव्हा तिच्या नावाच्या पंधरा चिठ्ठ्या निघाल्या. पंधराही रद्द झाल्या. पुरस्कार आमच्याच दवाखान्याला मिळाला, बाळंतपणाच्या वॉर्डातल्या त्या थट्टेखोर सिस्टरला. ती कामाची होती, तिच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. सत्कार बोळातच झाला, माझ्यासमोर. साहेबांनी विचारलं, “बोला, कुठे बदली हवी?”

“मला कशाला बदली?” ती हसून म्हणाली. “माझं घर समोरच्याच गल्लीत आहे.”

सगळे हसले, टाळ्या पडल्या. ती बदली तशीच वाया गेली. सावकाश सिस्टर मागच्या रांगेत उभी होती आणि तीही टाळ्या वाजवत होती. मला तिचे हात दिसत होते. सारखे धुवून धुवून पांढरे पडलेले.

पुढे पाच वर्षांनी वरच्या ऑफिसला जाग आली. नियम बदलला, पेशंट गेला असेल तर नातेवाइकांनी लिहिलेलं चालेल असं ठरलं. वरातीमागून घोडं! सिस्टरला आता कुठे जायचं होतं? आठवा अर्ज तिनं केलाच नाही. आणि खरं सांगायचं तर नातेवाईकही लिहीत नाहीत. त्या वॉर्डातून बाहेर पडलेलं माणूस मागे वळून त्या दाराकडे बघत नाही. त्यात त्यांचा दोष नाही.

मग माझी जागा एका चिकटवलेल्या कागदानं घेतली. म्हणे फोन त्याच्यासमोर धरायचा आणि मत द्यायचं. मला भिंतीवरून उतरवलं त्या दिवशी भाऊसाहेबांची नोकरीही संपत होती. सगळे गेल्यावर त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला. आतून एक पुडकं काढलं. त्या सव्वीस चिठ्ठ्या होत्या, मास्तरांची सगळ्यांत वर. नियमाप्रमाणे त्या जाळायच्या होत्या, पण त्या माणसानं त्या इतकी वर्षं जपल्या होत्या! तिला द्याव्यात, तर नियम आडवा. जाळाव्यात, तर हात धजेना. त्यांनी त्या एकेक करून माझ्यात टाकल्या, कुलूप तपासलं, किल्ली खिशात घातली आणि ते घरी गेले. मी मनातल्या मनात ओरडले, अहो भाऊसाहेब, ती पलीकडच्या दारात उभी आहे! पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

गेल्या महिन्यात सावकाश सिस्टर इथे अडगळीत आली होती. सलाइनचा स्टँड शोधत होती. केस पिकलेत, गुडघा दुखतो वाटतं, आता दोन्ही चपलांचा आवाज सारखाच येतो. स्टँड माझ्या मागेच होता. तिनं मला उचलून बाजूला ठेवलं आणि माझ्या पोटात कागद सळसळले. ती थांबली. मला कानाशी धरून हलवलं.

“अगंबाई, अजून आहे की काहीतरी आत!”

तिनं बोटं आत घालून पाहिली. पण मिस्त्रींची ती तिरपी फळी. माझं सारं अंग म्हणत होतं, फोड, फोड मला. तेवढ्यात बाहेरून हाक आली, सिस्टर, सात नंबरला बघा. तिनं मला खाली ठेवलं, पदरानं माझ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, “असेल कुणाचं तरी.” आणि ती गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मी ते सांगणार नाही. मला जपू नका. माझ्या पाठीला चार स्क्रू आहेत, गंजलेत, पण जोर लावला तर निघतील. नाही निघाले तर दगड घाला माझ्यावर. आतले कागद तेवढे फाटू देऊ नका. सगळ्यांत वरची चिठ्ठी मास्तरांची आहे. तिच्यात लिहिलंय, ‘मी चालून दाखवीन, पण ही बाई मला जाऊ देईल असं वाटत नाही. म्हणूनच ही चिठ्ठी.’

ती बोळाच्या टोकाला, शेवटच्या वॉर्डात भेटेल. तिला निवृत्त व्हायला तीन महिने राहिलेत. इथलं भंगार न्यायला टेम्पो येत्या सोमवारी येणार आहे, असं काल पहारेकरी सांगत होता.